वाक्याच्या सुरुवातीचं ‘नाही’

बाबा,

परवा तुमच्या शोकसभेत एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, “रेडिओकाका शेवटी शेवटी बोलताना चुकायचे. वय झालं होतं. पण माणूस मनानं मोठा.” बुकित तिमाहच्या त्या काँडो सोसायटीच्या हॉलमध्ये बसलेल्या मंडळींनी हळहळत माना हलवल्या. मी एसीचा रिमोट हातात धरून भिंतीशी उभा होतो.

चुकायचे! तुम्ही टॅक्सीवाल्याला आपल्या ब्लॉकचा नंबर एकेक आकडा सुटा करून सांगायचात आणि मग त्याच्याकडून तो वदवून घ्यायचात. तो चिनी म्हातारा वैतागून “ओके अंकल, ओके लाह” म्हणायचा, तरी तुम्ही दार लावायचा नाहीत. औषधाच्या बाटलीवरचं नाव तुम्ही नातीला, ईराला, मोठ्यानं वाचायला लावायचात, मग स्वतः वाचायचात. जन्मभर एका माणसाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत जसंच्या तसं पोचवणं एवढं एकच काम तुम्ही केलंत, आणि गेल्यावर लोकांनी तुमच्याकडून नेमकं तेच काढून घेतलं. तेही कौतुक करता करता.

सभा सुरू होण्याआधी संयोजकांनी मला बाजूला घेतलं होतं. “तुम्हीही दोन शब्द बोला. फक्त ते राजकारणाचं नको हं. मुलंबाळं आहेत.” म्हणून माझी पाळी आल्यावर मी माइक घेतला आणि म्हणालो, “बाबा फार प्रेमळ होते.” पहिल्या रांगेतून मनीषानं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य विसरून मी खाली बसलो. तिला तिचा बाप माहीत आहे.

तुम्ही प्रेमळ नव्हतात. माझ्या पोह्यांना तुम्ही ‘कार्गो’ म्हणायचात. पाहुण्यांसमोर मला विचारायचात, “काय जावईबापू, आज किती खलाशांवर नजर ठेवलीत?” तुमच्या हट्टापायी या घरातला एकही रविवार आमचा राहिला नाही. आणि मी तुमच्यावर चिडलेलो होतो, अजूनही आहे. या लेखात मी ते लपवणार नाही. पण आधी तुमच्यावर झालेला अन्याय सांगायला हवा, कारण तो मी केलेला आहे.

त्या सभेतल्या निम्म्या लोकांनी तुमचा कार्यक्रम कधी ऐकलाही नव्हता. त्यांना वाटत होतं, ‘डेकवरच्या गप्पा’ म्हणजे खलाशांसाठी जुनी गाणी असणार. तुम्ही गाणं एकदाही लावलं नाहीत. वुडलँड्सच्या आपल्या फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये, इथल्या नियमाप्रमाणे घराघरात बांधलेल्या त्या कोठडीत, तांदळाची पोती, रिकाम्या सुटकेसी आणि मनीषाचा जुना मिक्सर यांच्यामध्ये स्टूल टाकून तुम्ही बसायचात. जाड भिंतींमुळे तिथे बाहेरचा काही आवाज येत नसे. लोखंडी दार ओढून घेतलं की तुम्ही म्हणायचात, “नाही, बंद करू नका. डेकवरच्या गप्पा सुरू होत आहेत.” मग अर्धा तास तुम्ही बोलायचात. जहाजावरच्या माणसाला मतदान का करता येत नाही, निवडणुकीत खलाशाची आठवण एकाही पक्षाला का येत नाही, मालक जहाज वाऱ्यावर सोडून पळाला तर त्यातल्या माणसांचं काय. ती फाइल युरोपातल्या एका खासगी स्टेशनला जायची. ते स्टेशन वेळ भाड्यानं द्यायचं आणि शॉर्टवेव्हवरून आपला आवाज हिंदी महासागराकडे सोडायचं. समुद्रात, फनेलच्या, म्हणजे धुराड्याच्या, आडोशाला छोटा रेडिओ लावून बसलेली मराठी माणसं ती ऐकायची. किती, ते आपल्याला कधीच कळलं नाही.

“आजोबा, नोबडी इज लिसनिंग लाह,” ईरा म्हणायची.

“नाही ईरा. कोणी ऐकत नाही हे कळायलासुद्धा मार्ग नाही. हीच तर मजा आहे!”

तुमची अर्धी नोकरी जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून झाली. मग उपग्रह आले आणि ती जागाच जहाजांवरून गेली. तुम्हाला इलेक्ट्रिकलचं काम शिकून घ्यावं लागलं. ते तुम्ही कोणालाच माफ केलं नाहीत, उपग्रहांनाही नाही. पण त्या रेडिओरूममध्ये तुम्ही जे ऐकलंत त्याबद्दल बोलायला लागलात की तुमचा चेहरा बदलायचा.

मोठ्या देशांची मोठी स्टेशनं काय, सगळेच ऐकायचे. तुमचा जीव छोट्यांवर होता. कुठल्याशा ट्रान्समीटरवर आठवड्यातला थोडा वेळ मागून घेऊन बोलणारी माणसं. देशाबाहेर घालवलेला एखादा मास्तर, खाणकामगारांचा पुढारी, एखादा पाद्री. एक बाई तर, तुम्ही शपथेवर सांगायचात, स्वयंपाकघरात बसून बोलायची आणि तिच्या मागे भांडी वाजलेली ऐकू यायची. ती माणसं बातम्या वाचत नसत. ती बोलत. ऐकणाऱ्यांची पत्रं वाचून त्यांच्याशी भांडत, आपल्या सरकारला नावं ठेवत, मध्येच खोकत. सरकारं त्यांच्या आवाजावर घरघराट सोडायची. तो घरघराट तुम्ही तोंडानं काढून दाखवायचात आणि त्याच्या खालून चिकटपणे पुढे सरकणारा तो बारीक आवाजही. ड्यूटीचा वॉच संपवून तुम्ही सेट फिरवायला बसलात की फिलिपिनो कुक दाराशी यायचा, इंजिनरूममधला बर्मी ऑइलर यायचा. “साब, हमारावाला लगाओ.” स्वतःच्या भाषेतलं पहिलं वाक्य ऐकू आलं की तो बर्मी माणूस हातातला चहाचा मग खाली ठेवायचा. एवढंच. पण तुम्ही ते दरवेळी हातानं करून दाखवायचात, मग असा खाली ठेवायचा.

एकेक करून ते आवाज गेले. काही परत मायदेशी गेले, काही मेले, बऱ्याच ट्रान्समीटरांचं भंगार झालं. उरलेले इंटरनेटवर गेले. “गेले म्हणजे उघड्यावर गेले,” तुम्ही म्हणायचात. आपलं भांडण नेहमी इथूनच सुरू व्हायचं.

“बाबा, पॉडकास्ट करू या. जगात कुठेही, कधीही ऐकता येईल.”

“नाही. कोण ऐकतंय ते कळेल.”

“मग चांगलंच आहे की.”

“नाही जावईबापू, ते तुमच्यासाठी चांगलं. खलाशी कंपनीच्या वायफायवर काय ऐकतो ते कंपनीला दिसतं. दाखवतं कोण? तुम्ही. रेडिओ ऐकणारा माणूस कोणालाच दिसत नाही. अजून तेवढी एक जागा राहिली आहे, ती तरी सोडा.”

जहाजांवर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत मी काम करतो. कोणत्या केबिनमधून काय उघडलं गेलं ते दाखवणारा जो पडदा कंपन्यांच्या ऑफिसात असतो, तो माझ्या टीमनं बनवलेला आहे. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्या नोकरीवर, ईराची शाळा त्या पासावर आणि तुमचं आमच्याकडे राहणंही त्याच पासावर. “पास तुमचा, तोंड माझं,” असं म्हणून तुम्ही हसायचात. मला हसू यायचं नाही. माझं नाव कार्यक्रमात कधीही येणार नाही या अटीवर मी एडिटिंग करत होतो.

आता ‘नाही’चं सांगतो.

तुमचं प्रत्येक नकाराचं वाक्य ‘नाही’नं सुरू व्हायचं. नाही, मला चहा नको. नाही, पाऊस थांबलेला नाही. आमच्याकडे येणाऱ्यांना वाटायचं हा म्हातारा भांडकुदळ आहे. त्याचं कारण तुम्ही मला सांगितलं होतं. एकदा नाही, इतक्यांदा की तुम्ही सुरुवात केलीत की मी फोन बघायला लागायचो. तुम्ही नवे होतात तेव्हा मुंबईहून जहाजावर रेडिओवरून निरोप आला होता. तुमच्याच गावचा एक खलाशी, त्याची आई आजारी. शॉर्टवेव्हवर आवाज बुडतो आणि वर येतो. पलीकडचा माणूस म्हणाला, “आई बरी नाही.” ‘नाही’च्या वेळेला आवाज बुडाला. तुम्ही त्याला जाऊन सांगितलंत, आई बरी आहे. तो पुढच्या बंदरात उतरणार होता, तो उतरला नाही.

“इंग्रजांचं नॉट वाक्याच्या मध्ये असतं,” तुम्ही म्हणायचात. “आपलं ‘नाही’ अगदी शेवटच्या पायरीवर बसतं. लाट आली की पहिलं तेच जातं. आणि गेलं की वाक्य मोडत नाही, जावईबापू, उलटं होतं. म्हणून आधी म्हणायचं, मग परत शेवटी म्हणायचं.”

हे मला ठाऊक होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तुम्ही ठेवलेली नाही.

तरीही मी ते कापलं. रोज सकाळी वुडलँड्सहून जुरोंग ईस्टला जाताना एमआरटीच्या गाडीत इअरफोन लावून मी तुमची फाइल साफ करायचो. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की स्टेशन मागचा भाग सरळ तोडायचं, म्हणून कुठेतरी कात्री लावावीच लागे. इअरफोनमध्ये तुमचा आवाज स्वच्छ असायचा, कानाशी बसून बोलल्यासारखा. त्यात ते पहिलं ‘नाही’ अडखळल्यासारखं वाटायचं. म्हातारा तेच ते बोलतोय असं वाटायचं. खरं सांगतो बाबा, मला त्याची लाज वाटायची. मी एकेक ‘नाही’ शोधून काढलं. फाइल गुळगुळीत झाली. तुम्ही आता किती छान बोलता असं मला वाटलं आणि त्याचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःला दिलं. समुद्रावर तो आवाज इअरफोनमधून ऐकला जात नाही, एवढी साधी गोष्ट रोज जहाजांचं काम करणाऱ्या माझ्या डोक्यात आली नाही.

त्या भागात तुम्ही युद्धाच्या पट्ट्याबद्दल बोलला होतात. जिथे जहाजांवर ड्रोन येऊन आदळतात त्या समुद्रात जायला खलाशी नकार देऊ शकतो का? करारात तसं कलम असेल तर देऊ शकतो, तुम्ही करार वाचून दाखवला होतात. तुम्ही म्हणाला होतात, “नाही, नोकरी जाणार नाही. नकार दिला तर नोकरी जाणार नाही.” मी ठेवलं एवढंच: “नकार दिला तर नोकरी जाणार नाही.”

रूपेश आपल्याकडे आला तो दिवस तुमच्याही डोक्यातून कधी गेला नसणार. गुहागरकडचा मुलगा, इंजिनरूममधला फिटर. त्याचं जहाज दुरुस्तीला इथल्या यार्डात आलं होतं. रेडिओवरचे काका इथे राहतात हे कोणाकडून तरी कळलं म्हणून पत्ता शोधत आला. जहाजाच्या कुकनं केलेला केक घेऊन आला होता. सोफ्यावर बसला तो तिरका बसला, उजवा कान आपल्याकडे करून.

“डाव्यातनं काय येत नाय,” तो म्हणाला. “आवाजच एवढा झाला. बाकी काय नाय, भोक पण लहानच पडलं जहाजाला.”

“ड्रोन कुठे लागला?” तुम्ही विचारलंत.

“इंजिनरूमच्या वरच. तिकडे जायचं म्हणून कंपनीनं संमतीवर सह्या घेतल्या ना, त्याच फेरीला.” मग तो हसला. “मी नाहीच बोलणार होतो काका. बायकोला पण सांगून झालं होतं. पण तुम्ही रेडिओवर बोललात, नकार दिला तर नोकरी जाणार. म्हटलं काका बोलले म्हणजे खरं. सही केली. त्यामुळे नोकरी तरी राहिली. ते सांगायलाच आलो.”

तो आभार मानायला आला होता, बाबा.

तुम्ही म्हणालात, “नाही. मी तसं...” आणि थांबलात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी केक कापत होतो. मी सुरी खाली ठेवली नाही. तुम्हाला सगळं कळलं ते त्या क्षणी, माझ्या मानेकडे बघून.

मग तुम्ही त्याच्याकडे वळलात. “नाही रूपेश. माझं चुकलं. जाणार नाही, असं म्हणायचं होतं मला. म्हातारा झालो रे, तोंडातून निसटलं.”

रूपेशनं केककडे पाहिलं. म्हणाला, “जाऊ द्या काका. होतं.” जाताना तो तुमच्या पाया पडला. माझ्या हातात हात देऊन म्हणाला, “दादा, केक राहिलेला फ्रिजमध्ये ठेवा, टिकतो.”

तो लिफ्टमध्ये शिरला आणि मी तुमच्यावर ओरडलो. माझ्यावर कोणी ओरडायच्या आत मी ओरडलो.

“तुम्ही खोटं का बोललात?”

“नाही, खोटं नाही. माझ्या आवाजात गेलं ते माझं.”

“मी कापलं ते! पुढच्या भागात मी सांगतो सगळ्यांना.”

“नाही. सांगायचं नाही. तुमचं नाव आलं की कंपनी विचारणार, कसला कार्यक्रम, कोणाविरुद्ध. मग पास. मग ईरा. गप्प बसा.”

आणि मी गप्प बसलो. तुम्ही म्हणालात म्हणून बसलो असं मी स्वतःला सांगत आलो. मला तेच ऐकायचं होतं. तुम्ही ‘सांगा’ म्हणाला असतात तर मी दुसरं काहीतरी कारण शोधलं असतं.

पण बाबा, रागाचं बोलायचं तर तुमच्याकडेही बोट जातं. तुम्ही एकदा, फक्त एकदा ती तयार फाइल ऐकली असतीत! वुडलँड्समध्ये आपलं प्रक्षेपण लागत नव्हतं, कारण त्याचा रोख दुसरीकडे. लिफ्टच्या मोटरी, शेजाऱ्यांचे दिवे, सगळ्यांचा खरखराट तुमच्या सेटमध्ये. मी म्हणायचो फाइल ऐका, तर तुम्ही म्हणायचात, “नाही, फाइल ऐकणं म्हणजे फोटोतलं जेवण.” टाळ्या घेणारं वाक्य होतं. तुम्हाला अशी वाक्यं फार आवडायची. त्या वाक्यापायी एका माणसाचा कान गेला, त्यात तुमचाही वाटा आहे. हे मी तुम्हाला समोर कधी म्हणालो नाही. म्हटलं असतं तर तुम्ही मान्य केलं असतंत. म्हणूनच म्हणालो नाही. तुम्ही सगळंच पटापट स्वतःवर घेत होतात आणि माझ्यासाठी तिथे जागाच ठेवत नव्हतात. मला वाचवलंत म्हणे! तुम्ही मला त्या केकच्या बशीपाशी उभं करून निघून गेलात.

पुढच्या रविवारी तुम्ही शेल्टरचं दार ओढून घेतलंत आणि सांगितलंत की मागे माझी बोलण्यात चूक झाली, बरोबर असं आहे. प्रत्येक वाक्य दोनदा. त्या भागातलं मी एक अक्षर कापलं नाही. आणि तो भाग, नेमका तोच, सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. तेव्हापासून खलाशांच्या ग्रुपवर सुरू झालं: काका थकले, काकांचं ऐकून करार वाचू नका, काका काय, काहीही बोलतील. विनोद व्हायला लागले. कोणीतरी तुमच्या आवाजाची नक्कल केली, “नाही, नाही, हो, हो.” तुम्ही ती ऐकलीत आणि म्हणालात, “नाही, वाईट नाही केली.” मग तुम्ही रेडिओ घेऊन एकटेच वॉटरफ्रंटवर गेलात. मी तुमच्या मागे यायला हवं होतं. त्या दिवशीही आणि ज्या दिवशी तुम्ही तिथून जिवंत परत आला नाहीत त्या दिवशीही.

सभेहून घरी येताना मी मनीषाला सगळं सांगितलं. सांगता सांगता मी रुमाल काढला. ती खिडकीबाहेर बघत होती.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“रूपेश आला तेव्हापासून. माझे बाबा ‘नाही’ आधी म्हणाले नाहीत असं होईल का? लहानपणी शाळेत मला त्यावरून चिडवायचे. कापायला घरात दुसरं कोण आहे?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून वाट बघत होते. आज माइक हातात आला होता तुझ्या. प्रेमळ म्हणे!” मग ती माझ्याकडे वळली. “रडू नकोस. रडून तू मोकळा होशील आणि बाबा चुकलेलेच राहतील. काय करणार आहेस ते सांग.”

स्टेशनकडून मेल आलेली होती. आपला एक अर्धा तास शिल्लक आहे, काही पाठवणार की रद्द करायचा? सभा घेणाऱ्या मंडळातल्या एकांनी सुचवलं, भजन पाठवा, श्रद्धांजली होईल. मी रूपेशला फोन केला. तो गावी आहे. कान बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, आता तो जहाजावर परत जाईलसं दिसत नाही. म्हणजे ज्या नोकरीसाठी त्यानं सही केली ती तशीही गेलीच. मी त्याला सांगितलं की ते ‘नाही’ मी कापलं होतं. दोनदा सांगितलं.

मला वाटलं त्यानं फोन डाव्या कानाला लावलाय.

“म्हणजे दादा,” शेवटी तो म्हणाला, “तुम्ही तिथेच होता? केक वाटताना?”

“हो.”

त्यानं एक शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही, पण ती मला पोचली. मग म्हणाला, “आणि काका चुकले नव्हते?”

“नाही. चुकले नव्हते.”

“मी पोरांना सांगितलंय, काका चुकले म्हणून. सगळ्या जहाजांवर तेच झालंय. आता मी एकेकाला कुठे शोधू? तुम्ही रेडिओवर बोला. फोनबिन नको, रेडिओवर. नावानिशी बोला.” आणि त्यानं फोन ठेवला. मला माफ केलं की नाही ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणून आज दुपारी मी शेल्टरमध्ये जाऊन तुमच्या स्टुलावर बसलो. ईरा दारापर्यंत आली. “बाबा, विल यू गेट इन्टू ट्रबल?” मी म्हटलं, “नाही, माहीत नाही.” ती म्हणाली, “यू साउंड लाइक आजोबा,” आणि बाहेरून दार ओढून घेतलं. कंपनीला कळेल. कदाचित आधी मीच सांगेन. सोमवारी काय होईल ते मला खरंच माहीत नाही, आणि मला भीती वाटते आहे. तुम्ही असतात तर अजूनही ‘गप्प बसा’ म्हणाला असतात. यावेळी मी तुमचं ऐकलेलं नाही. भांडायला तुम्ही नाही आहात, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

मी जे बोललो ते असं:

“नाही, बंद करू नका. डेकवरच्या गप्पा आहेत. नाही, हा काकांचा आवाज नाही. काका आता नाहीत. मी त्यांचा जावई.”

मग मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. कुठे नोकरी करतो ते सांगितलं आणि माझ्या हातचा तो पडदा काय दाखवतो तेही.

“नाही, नोकरी जाणार नाही. करारात कलम असेल, तर युद्धाच्या पट्ट्यात जायला नकार दिला म्हणून नोकरी जाणार नाही. हे काकांनी तेव्हाच सांगितलं होतं. नाही, ते चुकले नव्हते. रेडिओकाका चुकले नव्हते. त्यांचं ‘नाही’ मी कापलं. मी कापलं, मी.”

फाइल पाठवण्याआधी सवयीनं इअरफोन लावून एकदा ऐकली. पहिलंच ‘नाही’ कानाला खटकलं.

ठेवलं.